वर्गणीदारांची यादी

वर्गणी हा शब्द मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. गणपतीची वर्गणी, सप्ताहाची वर्गणी, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी, शाळेच्या सहलीची वर्गणी, आणि मासिकाची असते तीही वर्गणीच. पावतीपुस्तक घेऊन आलेली पोरे पाहून हळूच दार लोटून घेणारे आपल्याकडे आहेत, आणि 'एवढेच कसे लिहिता, आणखी लिहा' म्हणणारेही आहेत. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या वर्गणीचे इंग्रजीत 'क्राउडफंडिंग' असे नवे बारसे झाले आणि ती संगणकावरून गोळा होऊ लागली. नाव नवे, पाळणा नवा, मूल मात्र फार जुने आहे.

आज ज्या वर्गणीविषयी लिहायचे आहे ती एका पुस्तकासाठी गोळा झाली होती. पुस्तक आहे वाइनवर, तेही फ्रान्सच्या एका आडबाजूच्या भागातल्या वाइनवर. 'गुरुजी, तुम्ही आणि वाइन?' म्हणून काही जणांच्या भुवया वर जातील. त्यांच्या समाधानासाठी सांगतो, माझी धाव अजून चहाच्या पलीकडे गेलेली नाही. पण इतिहास हा माझा जन्माचा विषय, आणि माझी सारी नोकरी द्राक्षाच्या मुलखात झाली. नाशिकजवळच्या एका वायनरीत काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर या पुस्तकाची गोष्ट सांगितली, आणि मग मी त्या गोष्टीचा माग काढत बराच मागे गेलो.

आधी तो मुलूख पाहू. फ्रान्सच्या पूर्वेला, बरगंडीचा प्रसिद्ध प्रदेश आणि स्वित्झर्लंडची सरहद्द यांच्यामध्ये ज्युरा नावाचे डोंगर आहेत. भूगोलाच्या पुस्तकातले 'ज्युरासिक' युग याच डोंगरांच्या चुनखडकावरून नाव घेऊन आले. म्हणजे डायनोसॉरच्या सिनेमामुळे जगातल्या पोराटोरांना जे नाव पाठ झाले, ते मुळात या डोंगरांचे. डोंगरांच्या पश्चिम उतारावर साधारण ऐंशी किलोमीटर लांबीची एक चिंचोळी पट्टी आहे, तिथे द्राक्षांच्या बागा आहेत. आज त्यांचे क्षेत्र दोन हजार हेक्टरांच्या आसपास भरते. आपल्या एकट्या नाशिक जिल्ह्यात याच्या कितीतरी पट जमीन द्राक्षाखाली आहे, म्हणजे हा केवढासा तुकडा ते ध्यानात येईल.

पण हा तुकडा पहिल्यापासून एवढा नव्हता. एकोणिसाव्या शतकात तिथे वीस हजार हेक्टरांच्या घरात बागा होत्या. मग एकामागून एक संकटे आली. अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किडीने साऱ्या फ्रान्समधल्या वेलींची मुळे खाल्ली, ती ज्युरातही पोचली. पानांवर केवडा रोग आला. आगगाडीने दक्षिणेकडची स्वस्त वाइन उत्तरेच्या बाजारात आणून ओतली. त्यानंतर पहिल्या महायुद्धाने गावागावांतली तरुण माणसे नेली. दहा बागांतली एक उरली म्हणा ना! उरलेल्यांनी मात्र आपला जुना वाण आणि जुनी रीत सोडली नाही. १९३६ साली फ्रान्समध्ये ज्या पहिल्या काही गावांच्या नावांना मूळस्थानाचे कायदेशीर संरक्षण मिळाले, त्यांत ज्युरातल्या आर्ब्वा या गावाचे नाव होते.

त्यांची जुनी रीत ऐकण्यासारखी आहे. साव्हान्यँ नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन लाकडी पिंपात भरतात. पिंपातली वाइन हळूहळू उडून कमी होते. इतर ठिकाणी ती तूट पुन्हा पुन्हा भरून काढतात, नाही तर हवा लागून वाइन बिघडते. ज्युरात ती मुद्दाम भरत नाहीत. रिकाम्या जागेत वाइनच्या पृष्ठभागावर यीस्टची एक पातळ साय धरते आणि ती साय हवेला अडवते. सहा वर्षे आणि तीन महिने पिंपाला हात लावायचा नाही असा दंडक! एका लिटरातले तोवर सुमारे बासष्ट सेंटिलिटर उरते. म्हणून तिची बाटलीही नेमकी बासष्ट सेंटिलिटरची, बुटकी आणि रुंद खांद्यांची असते. हिला 'पिवळी वाइन' म्हणतात. सहा वर्षे पैसा अडकवून बसायचे आणि शेवटी दोन-तृतीयांशापेक्षाही कमी माल हाती यायचा, असा हा धंदा. व्यापाऱ्याला हे कोण समजावणार!

याच आर्ब्वा गावात लुई पाश्चर लहानाचा मोठा झाला. त्याचा जन्म १८२२ साली जवळच्या दोल गावचा, बाप कातडी कमावणारा. पुढे पॅरिसमध्ये नाव कमावल्यावरही सुटीत तो आर्ब्वालाच येई. १८६३ साली सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्याला विचारले की, आमच्या देशाची वाइन वाटेत आंबते, नासते, त्याचे काही करा. पाश्चरने आर्ब्वातल्याच वाइन सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, नासण्याचे कारण सूक्ष्मजंतू आहेत हे दाखवले, आणि वाइन ठरावीक मर्यादेत तापवली तर ते मरतात हे सिद्ध केले. त्यावरचा त्याचा ग्रंथ १८६६ साली आला. आज सकाळी आपल्या दाराशी येणाऱ्या दुधाच्या पिशवीवर 'पाश्चराइज्ड' असे छापलेले असते, त्या शब्दाची सुरुवात या वाइनपासून झाली.

आणखी एक नाते सांगतो. केवड्यावर मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण मारायची युक्ती ज्याने १८८५ साली जगापुढे मांडली तो आलेक्सी मिलार्दे हा वनस्पतिशास्त्रज्ञही ज्युराचाच. तो बोर्डोच्या विद्यापीठात शिकवत होता, म्हणून त्या औषधाला नाव पडले बोर्डो. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला 'बोर्डो' म्हणजे काय ते विचारून पाहा. फ्रान्समधले गाव त्याला ठाऊक असो-नसो, फवारणीचे पिंप तो लगेच दाखवील.

एवढा इतिहास, एवढी मोठी माणसे, आणि तरीही इंग्रजी वाचणाऱ्याला ज्युराच्या वाइनविषयी सविस्तर सांगणारे पुस्तक एकविसावे शतक उजाडून दहा-बारा वर्षे झाली तरी नव्हते. मोठमोठ्या ग्रंथांत या प्रदेशाला एखाद-दुसरे पान मिळे. विंक लॉर्च नावाच्या ब्रिटिश लेखिकेने हा मुलूख वर्षानुवर्षे पायाखाली घातला होता. पण दोन हजार हेक्टरांच्या प्रदेशावरचे, नकाशे आणि रंगीत छायाचित्रे असलेले जाडजूड मार्गदर्शक पुस्तक हा प्रकाशनाच्या हिशेबात न बसणारा व्यवहार. हिशेब साधा आहे. लिहिणाऱ्याचा प्रवास, छायाचित्रे, नकाशे, संपादन, मांडणी, कागद, छपाई या सगळ्याचा खर्च आधी, आणि विक्रीचा पैसा नंतर, तोही येईल तेव्हा. पुस्तक लाखभर खपणार असेल तर हा मधला खड्डा प्रकाशक स्वतःच्या पैशाने भरतो. एखाद-दोन हजार खपणार असेल तर तो हात जोडतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्यालाही घर चालवायचे असते.

लॉर्चबाईंनी हा खड्डा वाचकांकडून भरून घेतला. 'किकस्टार्टर' नावाची एक अमेरिकन संस्था २००९ साली न्यूयॉर्कमध्ये निघाली होती, आणि २०१२ च्या ऑक्टोबरअखेर तिने ब्रिटनमधल्या लोकांनाही आपले दार उघडले. तिची पद्धत अशी. ज्याला काही करायचे आहे त्याने आपली योजना मांडायची, किती रक्कम हवी आणि किती दिवसांत हवी ते जाहीर करायचे. लोकांनी आकडे टाकायचे. मुदतीत ठरलेली रक्कम पूर्ण झाली तरच पैसे घेतले जातात. एक पौंड कमी पडला तरी कुणाच्याही खात्यातून छदाम कापला जात नाही. रक्कम जमली तर संस्था तिच्यातले पाच टक्के आपली दलाली म्हणून ठेवते. थोडे देणाऱ्याला पुस्तकाची प्रत, जास्त देणाऱ्याला लेखकाच्या सहीची प्रत किंवा आणखी काही, अशी परतफेडीची रीत. २०१३ साली लॉर्चबाईंनी या मार्गाने रक्कम उभी केली, २०१४ साली स्वतःच पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्याला ब्रिटनमधला मानाचा आंद्रे सिमोन पुरस्कार मिळाला. खाद्यपेयांवरच्या उत्तम पुस्तकांसाठी तो देतात. पुढे आल्प्सच्या फ्रेंच उतारावरच्या वाइनवरचे दुसरे पुस्तकही त्यांनी असेच वर्गणीतून काढले.

आता इतिहासाच्या शिक्षकाची खोड म्हणजे कुणी 'नवीन' म्हटले की मागची पाने उलटायची. तशी उलटली तर काय दिसते?

१६१७ साली लंडनमध्ये जॉन मिन्शू नावाच्या गृहस्थाने अकरा भाषांचा एक कोश काढला. खर्च फार होता. त्याने ज्यांच्या पैशाच्या बळावर तो छापला, त्यांच्या नावांची यादीच छापून टाकली. वर्गणीदारांची यादी छापलेल्या अगदी पहिल्या इंग्रजी पुस्तकांत याची गणना होते. दुसऱ्याच वर्षी जॉन टेलर या माणसाने तर कमाल केली. टेलर हा थेम्स नदीवरचा नावाडी आणि फावल्या वेळचा कवी. त्याने जाहीर केले की, मी खिशात एक पैसा न घेता लंडनहून स्कॉटलंडला पायी जाईन आणि परत येऊन त्या प्रवासाचे पुस्तक लिहीन. ज्यांना ते हवे त्यांनी आत्ता सही करा, पैसे पुस्तक मिळाल्यावर द्या. सोळाशेच्या वर लोकांनी सह्या केल्या. टेलर खरोखरच गेला, परत आला, पुस्तक लिहून छापले. आणि मग काय झाले असेल? सह्या करणाऱ्यांपैकी शेकडो लोकांनी पैसे द्यायला चक्क नकार दिला! बिचाऱ्याने १६१९ साली त्या बुडव्यांवर एक शिव्याशापांचे कवन रचून छापले. किकस्टार्टरवाले आधी पैसे बांधून का घेतात, याचे उत्तर चारशे वर्षांपूर्वीच्या या नावाड्यापाशी आहे.

पुढच्या शतकात ही पद्धत इंग्लंडात चांगली रुळली. अलेक्झांडर पोप या कवीने होमरच्या इलियडचे भाषांतर १७१५ ते १७२० या काळात सहा खंडांत काढले, खंडाला एक गिनी वर्गणी. सुमारे पावणेसहाशे वर्गणीदार मिळाले, त्यांत राजघराण्यातली आणि सरदार घराण्यांतली नावे होती, आणि पोपला एकूण पाच हजार पौंडांच्या आसपास कमाई झाली. लेखक कुणा एका धनिकाच्या ओसरीवर न बसताही जगू शकतो, हे त्या देशाला तेव्हा दिसले.

पण नाण्याची दुसरी बाजूही त्याच शतकात दिसली. कोशकार डॉ. जॉन्सन यांनी १७५६ साली शेक्सपिअरच्या नाटकांच्या आवृत्तीसाठी वर्गणी गोळा करायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी पुस्तक देण्याचे वचन दिले. वर्षे उलटत गेली. पैसे खर्च झाले, वर्गणीदारांची यादीही हरवली असे ते स्वतःच सांगत. १७६२ साली चार्ल्स चर्चिल नावाच्या कवीने त्यांची जाहीर टर उडवली. अखेर १७६५ साली आवृत्ती निघाली. ती उत्तम होती म्हणून लोक विसरले, एवढेच.

आणि हे केवळ पुस्तकांपुरते नाही. ज्युराच्या त्या पाश्चरकडे पुन्हा वळू. १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरची लस यशस्वी झाल्यावर पॅरिसमध्ये त्यासाठी एक संस्था काढायचे ठरले. पैसा कुठून आला? जगभरातून जमलेल्या वर्गणीतून! रशियाच्या झारने दिले तसे साध्यासुध्या माणसांनीही दिले. वीस लाख फ्रँकांच्या वर रक्कम जमली आणि १८८८ च्या नोव्हेंबरात पाश्चर इन्स्टिट्यूटचे उद्घाटन झाले. त्या संस्थेत काम केलेला वाल्देमार हाफकिन १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा कलकत्त्यात होता, तिथून तो मुंबईत आला. १८९७ च्या जानेवारीत त्याने आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या संस्थेला आज त्याचे नाव आहे. कुण्या अनोळखी माणसाने पॅरिसात टाकलेला फ्रँक असा फिरत फिरत मुंबईच्या चाळीत उपयोगी पडला.

आपल्याकडे तरी काय कमी आहे? अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा अशी कल्पना काढून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतून पीएच.डी. होऊन आले आणि मराठीत ज्ञानकोश काढायचा त्यांनी पण केला. पाठीशी राजा नाही, विद्यापीठ नाही. मग त्यांनी नागपूरला चक्क एक लिमिटेड कंपनी काढली, तिचे भाग विकले, वर्गणीदार मिळवले, आणि १९२० च्या दशकात तेवीस खंड मराठी माणसाच्या हाती ठेवले. हा सारा खटाटोप त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात नोंदवून ठेवला आहे. पुढे 'ग्रंथाली'ने वाचकांनाच सभासद करून घेतले आणि त्या बळावर १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' छापले. त्या पुस्तकाने मराठी साहित्याची दिशा बदलली.

हे सगळे मी का सांगतो आहे? कारण मला एक प्रश्न फार दिवस छळतो. लहान जागेचे पुस्तक कोण छापणार?

आमच्या शाळेत भूगोलाचे एक शिक्षक होते. वयाने माझ्यापेक्षा मोठे, स्वभावाने अबोल. रविवारी सायकल काढून ते गावोगाव हिंडत. कुठली विहीर कुणी कधी खोदली, कुठल्या गावात पहिला द्राक्षाचा मांडव कुणी घातला, काड्या कुठून आणल्या, गारपिटीत कुणाची बाग बसली, आठवड्याचा बाजार कुठून उठून कुठे गेला, हे सारे त्यांनी म्हाताऱ्या माणसांना विचारून वह्यांत लिहून ठेवले होते. सहा जाड वह्या! अक्षर मोत्यासारखे, गावांचे नकाशे स्वतःच्या हाताने काढलेले. निवृत्त झाल्यावर ते एका प्रकाशकाकडे गेले. त्याने वह्या चाळल्या, कौतुक केले, आणि म्हणाला, 'एका तालुक्याचे पुस्तक खपणार नाही. छपाईचा खर्च तुम्ही देत असाल तर पाहू.' पेन्शनमध्ये ते बसणारे नव्हते.

मी त्यांना म्हटले, 'सर, तुमचे विद्यार्थी हजारांनी आहेत. दोनशे जणांनी आगाऊ पैसे भरले तरी पुस्तक निघेल. आपण पत्रे टाकू.' ते नुसते हसले. 'अहो, ज्यांना मी पाढे शिकवले त्यांच्यापुढे आता हात पसरू?' एवढेच बोलले. पुढे ते गेले. मुलगा परगावी असतो. घर विकले गेले, आणि त्या घराबरोबर वह्या कुठे गेल्या ते कुणालाच सांगता येत नाही. ज्या म्हाताऱ्यांनी त्यांना माहिती दिली होती, तेही आता एक-दोन सोडले तर उरलेले नाहीत. म्हणजे ते पुस्तक आता पुन्हा लिहिताही यायचे नाही.

'हात पसरणे' हा शब्द माझ्या मनातून जात नाही. वर्गणी आणि भीक यांत फरक आहे की नाही? माझ्या वडिलांच्या पिढीतली कितीतरी गरीब मुले वार लावून जेवली आणि शिकली. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. त्यात संकोच असे, पण एका घरचे मिंधेपण नसे, कारण ओझे सात घरांत वाटलेले असे. वर्गणीचेही तसेच आहे. भिकेत देणारा वर आणि घेणारा खाली. वर्गणीत देणारा म्हणतो, 'हे काम माझेही आहे, माझा वाटा हा घ्या', आणि घेणारा म्हणतो, 'मी तुम्हाला बांधला गेलो.' आमच्या सरांना हा फरक कुणी पटवून दिला नाही. टेलर नावाड्याला तो बरोबर कळला होता. प्रवासाचे कष्ट त्याचे, पुस्तक वाचकाचे, मग मागण्यात लाज कसली?

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि मार्गदर्शक पुस्तकाच्या बाबतीत ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पैसा कुणाचा, यावर पुस्तकाचा खरेपणा ठरतो. आपल्याकडे संमेलनांच्या, पतसंस्थांच्या स्मरणिका निघतात. अर्ध्या पानांवर जाहिराती आणि उरलेल्या पानांवर जाहिराती देणाऱ्यांचे कौतुक. गुळगुळीत कागद, आणि वाचणारा कुणी नाही. वाइनच्या प्रदेशाचे पुस्तकही असे निघू शकते. मोठ्या उत्पादकाने पैसे दिले, त्याला चार पाने. लहानाने दिले नाहीत, त्याचे नावच नाही. ज्युरासारख्या ठिकाणी, जिथे दोन-चार हेक्टरवाले छोटे बागाईतदार पुष्कळ, तिथे असे पुस्तक म्हणजे अन्यायच. शेकडो वाचकांनी थोडे थोडे दिले की कुणा एकाची मालकी उरत नाही. लेखकाला 'ही वाइन मला आवडली नाही' असे लिहिण्याची मोकळीक राहते. वाचकाला तेच हवे असते, त्यासाठीच तो पुस्तक विकत घेतो.

अर्थात वर्गणीने सारे प्रश्न सुटतात असे मुळीच नाही. इंग्लंडमध्ये २०११ साली 'अनबाउंड' नावाची प्रकाशनसंस्था केवळ वाचकांच्या वर्गणीतून पुस्तके काढायची म्हणून निघाली. तिचे एक पुस्तक २०१४ साली बुकर पारितोषिकाच्या प्राथमिक यादीपर्यंत पोचले. आणि २०२५ साली ती संस्था दिवाळखोरीत गेली, लेखकांचे पैसे थकले. लेखक आणि वाचक यांच्यामध्ये जो पेटी सांभाळतो, त्याची पेटी आणि वर्गणीची पेटी वेगळी हवी, हे तत्त्व गावच्या सप्ताहाच्या खजिनदारालाही ठाऊक असते. हिशेब फळ्यावर लागला पाहिजे. जॉन्सनसारखी यादी हरवून चालत नाही, कारण प्रत्येकाचे तेज जॉन्सनचे नसते.

शिवाय वर्गणी त्यालाच मिळते ज्याची ओळख आधीपासून आहे. लॉर्चबाईंना पैसे मिळाले ते काही एका महिन्याच्या जाहिरातीवर नव्हे. त्यांनी त्या प्रदेशात वर्षानुवर्षे घातलेल्या फेऱ्या, लिहिलेले लेख, जोडलेली माणसे यांच्यावर. पिंपातल्या वाइनवर साय धरायला जशी वर्षे लागतात तसा हा विश्वासही सावकाश धरतो. आमच्या सरांकडे असा विश्वास तीस वर्षांचा साठलेला होता. त्यांना तो वापरायचा संकोच वाटला, आणि आम्हा कुणाला पावतीपुस्तक घेऊन त्यांच्या वतीने निघायचे सुचले नाही.

आपल्याकडे आता वाइनचाही इतिहास तयार झाला आहे. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावजवळ फ्रेंच पद्धतीची फसफसती वाइन करून दाखवली. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, नाशिकच्या आसपास वायनऱ्या उभ्या राहिल्या, काही भरभराटीला आल्या, काहींना कुलपे लागली. पिणे बरे की वाईट हा वाद ज्याचा त्याने करावा. पण माणसाने एका जमिनीत काय लावले, काय कमावले आणि काय गमावले, हे लिहून ठेवण्याबद्दल दुमत नसावे. आणि ते लिहिणारा मुंबई-पुण्याहून यायची वाट पाहू नये. तो बहुधा तालुक्याच्याच एखाद्या शाळेत आहे, किंवा बागेच्या बांधावर आहे, आणि त्याच्या वह्या फळीवर आहेत.

म्हणून वाचकहो, तुमच्या ओळखीत असे कुणी असेल तर 'छान आहे हो, छापा' एवढे म्हणून थांबू नका. त्याला मागायला लावू नका, तुम्हीच विचारा, 'माझे नाव पहिले लिहा, किती द्यायचे?' दुसऱ्या नावासाठी शेजाऱ्याकडे जा. पैसे कुणाकडे जमा होणार, हिशेब कोण ठेवणार, पुस्तक किती महिन्यांत निघणार हेही तोंडावर विचारा, त्यात अविश्वास नाही. आणि पुस्तक निघाले की शेवटच्या पानावरची नावांची यादी जरूर वाचा. लोक ती पाने न पाहता पुस्तक मिटतात. एवढीशी जागा आपल्याला महत्त्वाची वाटते, असे कुणी किती जणांनी खिशात हात घालून सांगितले, त्याची ती नोंद असते.